लॅबच्या एक्झॉस्टमधून जाणारा गारवा परत कसा पकडायचा

आपल्याकडं बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं फार्मसी-केमिस्ट्रीच्या एसी लॅबचं दुखणं एकच, फ्यूम हूडमुळं (रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारं काचेचं कपाट) आतली हवा परत फिरवता येत नाही, सगळी ताजी आत घ्यायची, गार करायची आणि गच्चीवरनं सोडून द्यायची. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३६ अंश, एक्झॉस्ट २४, म्हणजे हेस्कॉमला (इथली वीज कंपनी) पैसे भरून केलेला गारवा वर चाललाय. थंड देशांतली माहिती वाचली की सगळीकडं उष्णता वाचवायचं लिहिलेलं असतंय, इथं उलटं आहे, गारवा वाचवायचाय.

आधी हूडची काच खाली ओढा. १.२ मीटर रुंद हूड, काच ४५ सेंटिमीटर वर आणि हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, एवढ्यात तासाला साधारण ९७० घनमीटर गार हवा जाते. पण फॅनला व्हीएफडी (फॅनचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) आणि काचेप्रमाणं हवा कमी करणारं कंट्रोल पाहिजे, नाहीतर बिल तेवढंच.

मग रन-अराउंड कॉइल. एक कॉइल एक्झॉस्ट डक्टमध्ये, दुसरी ताज्या हवेच्या डक्टमध्ये, मधे पाणी फिरवणारा छोटा पंप, एक्झॉस्टच्या गार हवेनं पाणी गार होतं आणि ते पाणी आत येणारी ताजी हवा गार करतं. दोन हवा एकमेकींना भेटतच नाहीत म्हणून लॅबला हेच चांगलं. फिरतं हीट व्हील (दोन्ही हवांमधून फिरणारं, गारवा इकडून तिकडं नेणारं चाक) जास्त वाचवतं खरं, पण त्यातनं एक्झॉस्टची थोडी हवा परत आत येते, फ्यूम हूडवर ते बसवूच नका, कुणी कितीही गळ घालू दे. पाणी इथं गोठत नाही त्यामुळं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) नको, गंजरोधक घातलेलं साधं पाणी चालतं.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला १ घनमीटर हवा, फरक १२ अंश, १.२ ने (एक घनमीटर हवा एक अंशानं गार करायला लागणारे किलोज्यूल) गुणलं की १४.४ किलोवॅट, कॉइल त्यातलं निम्मं पकडते असं धरा, म्हणजे ७ किलोवॅट, जवळजवळ २ टन एसी. चिलर तेवढ्यासाठी सव्वादोन-अडीच किलोवॅट वीज खातो ती वाचली. पण कॉइलमुळं फॅनवर लोड वाढतो बघा, प्रत्येकी १५० पास्कल धरलं तर दोन्हीचे मिळून अर्धा किलोवॅट गेले, वर पंप वेगळा. म्हणून पावसाळ्यात, बाहेर २३-२४ अंश असताना, पकडायला काहीच नसतं, तेव्हा पंप बंद आणि हवा बायपास डँपरमधून (कॉइल टाळून हवा सोडणारी झडप). डिझाइनमध्येच बायपास मागून घ्या, मागनं बसवायला जागा मिळत नाही. आणि दमटपणा ही कॉइल परत पकडत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

एक्झॉस्टकडच्या कॉइलला इपॉक्सी कोटिंग, पुढं फिल्टर, खाली ड्रेन ट्रे, नाहीतर आम्लाच्या वाफा ॲल्युमिनियमच्या पात्या खातात. परक्लोरिक आम्लाचा हूड मात्र यात जोडायचाच नाही, त्याचे क्षार डक्टमध्ये साठले की स्फोटाचा धोका, त्याला पाण्यानं धुता येणारा वेगळा डक्टच लागतो.