मुरघास: पाऊस यायच्या आत, पण दाबूनच

परतीचा पाऊस तोंडावर आहे आणि खरिपाचा मका चिकात आलाय. आता मुरघासासाठी, म्हणजे हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात किंवा बॅगेत हवाबंद आंबवून ठेवण्यासाठी, कुट्टी मशीनला उसंत नाही. याच घाईत दाबणी राहते आणि थंडीत बॅग फोडली की वरचा हातभर थर काळा निघतो. दरवर्षी किती तरी गोठ्यांवर हाच चारा उकिरड्यावर जाताना दिसतो.

आंबवणारे चांगले जिवाणू हवा नसली तरच जोमाने काम करतात. हवा राहिली की कुट्टी तापते, साखर जळते, बुरशी धरते. म्हणून अर्धा फूट थर टाकला की तुडवा, मगच पुढचा टाका. खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवा. बॅगेत माणूस उतरवा. कडा आणि कोपरे हमखास पोकळ राहतात. टाच रुतते तोवर आत हवा आहे असं मी धरतो.

भरायला घेतलेला खड्डा त्याच दिवशी बंद करा. मध्येच सर आली तर आधी प्लास्टिकचा कागद ओढा. भिजलेली कुट्टी भरण्यापेक्षा दोन दिवस थांबा, दाणा थोडा टणक झाला तरी चालेल.

कापणी दाण्यातली दुधाची रेघ (टणक आणि दुधाळ भागामधली) अर्ध्यावर आल्यावर. ऊर्जा दाण्यातल्या स्टार्चमध्ये असते, तुऱ्यावर कापलेल्या मक्यात नुसतं पाणी. कुट्टी 2 सेंमी. मुठीत दाबली की तळवा ओला व्हावा, पाणी ठिबकू नये.

दुकानदार कल्चरची, म्हणजे आंबवणाऱ्या जिवाणूंची, पुडी पुढे करेल. मक्यात आंबायला पुरेशी साखर असते, त्यामुळे गूळही लागत नाही. पुडीने दाबणी सुटत नाही. तेच पैसे जाड कागदाला घाला आणि उंदरांची भोकं त्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करा.

45 दिवसांनी उघडा. बुरशीचा भाग कुठल्याच जनावराला नको, गाभण गाईला तर चिमूटभरही नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. मग तोच दुकानदार टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष बांधून ठेवणारी पूड, विकायला हजर.

खाऊ घालताना:
- सुरुवात 5 किलोने, हळूहळू 15 ते 20 किलो
- सोबत लसूण घास, शिवाय कोरडा चारा
- रोज अर्धा फूट काप, लगेच झाकण

रब्बीची पेरणी:
- आफ्रिकन टॉल (चाऱ्याच्या मक्याचं वाण), बियाणं हेक्टरी 75 किलो, ओळीत 30 सेंमी
- लष्करी अळीसाठी रोज पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली पानं) तपासणे
- अळी दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क. चाऱ्यावर रासायनिक फवारणी नको