सिडनीत ड्राइव्हवेचा क्रॉसओव्हर बांधताय? या चुका टाळा

घराच्या हद्दीपासून रस्त्याच्या कर्बपर्यंतच्या (रस्त्याकडेचा उंच काठ) पट्ट्यावरचं गवत तुम्ही कापता, कचऱ्याचे डबेही तिथेच लावता. पण सिडनीच्या न्यू साउथ वेल्स (एनएसडब्ल्यू) राज्यात तो पट्टा सार्वजनिक रस्त्याचाच भाग असतो, आणि गल्लीबोळातल्या साध्या रस्त्यांसाठी कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, हीच रस्ता प्राधिकरण असते. गाडी आत घ्यायला तिथे काँक्रीटचा जो तुकडा घालावा लागतो, तो क्रॉसओव्हर. पुण्या-मुंबईत बंगल्याच्या फाटकापुढे फूटपाथवर सर्रास ओतलेले उतार पाहून आपली नजर सरावलेली असते, त्यामुळे यात परवानगीचं काही असेल असं चटकन डोक्यातच येत नाही.

सगळ्यात महागात पडते ती ‘डीए मंजूर झालंय ना, मग झालं’ ही समजूत. डीए म्हणजे घराच्या बांधकामासाठीचा अर्ज; त्याची मंजुरी हद्दीच्या आतल्या कामाची असते. कौन्सिलऐवजी खाजगी सर्टिफायरने दिलेल्या सीडीसी या बांधकाम मंजुरीचंही तेच. रस्त्यावरच्या कामाला रोड्स ॲक्ट 1993 च्या कलम 138 खाली वेगळी संमती लागते. हद्दीच्या आतला ड्राइव्हवे 2008 च्या राज्य धोरणानुसार मंजुरीशिवाय बांधता येत असला, तरी रस्त्याकडे तोंड उघडायला 138 ची संमती हवीच, असं त्याच धोरणात म्हटलंय. लोक पहिला भाग वाचतात आणि मिक्सर बोलावतात. घर पॅरामॅटा रोड किंवा व्हिक्टोरिया रोडसारख्या वर्गीकृत, म्हणजे मोठ्या मुख्य रस्त्यावर असेल, तर एकट्या कौन्सिलच्या होकारानेही भागत नाही. ट्रान्सपोर्ट फॉर एनएसडब्ल्यू या राज्याच्या वाहतूक खात्याची सहमती लागते.

काही वाचक म्हणतील की याच कायद्याच्या कलम 6 मध्ये लगतच्या मालकाला रस्त्यावर येण्या-जाण्याचा हक्क दिलाय, गाडीसकट. बरोबर. पण तो हक्क कायद्यातल्या इतर निर्बंधांच्या अधीन आहे, हेही त्याच कलमात आहे. कर्ब फोडण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. कौन्सिलच्या नोटिशीला उत्तर म्हणून फक्त कलम 6 लिहून पाठवलेली पत्रं कौन्सिलच्या अभियंत्याला काही हलवत नाहीत.

‘आम्ही नेहमी असंच करतो, कौन्सिल बघायला येत नाही,’ असं काँक्रीटवाला सांगेल. कौन्सिलचा माणूस कदाचित येणारही नाही. तक्रार येते ती शेजाऱ्याकडून. जुना एका गाडीचा क्रॉसओव्हर दोन्ही बाजूंनी वाढवला, की दोन दारांमधली रस्त्यावरची एका गाडीची जागा जाऊ शकते, आणि सिडनीत पार्किंगची जागा गेलेला शेजारी गप्प बसत नाही. मला विचाराल तर त्याचा राग रास्तच असतो. वाढीव रुंदी, दुसरा क्रॉसओव्हर आणि रस्त्याच्या झाडाच्या मुळांना लागलेली कुदळ, बहुतेक भांडणं या तिघांपैकी एकावरून पेटतात. तोवर काँक्रीटवाला पैसे घेऊन गेलेला असतो. कलम 107 खाली अतिक्रमण हटवण्याचा आदेश लगतच्या जमिनीच्या मालकालाही देता येतो.

गाडीचं बूड घासतं म्हणून गटारात लाकडी पाचर किंवा सिमेंटचा ढीग टाकणं हा आणखी एक उद्योग. पाणी तुंबतं, पुढच्या घरापाशी डबकं होतं. उतार चुकला असेल तर कौन्सिलकडून हद्दीच्या रेषेवरची लेव्हल (ठरवलेली उंची) मागून घ्या. काँक्रीट ओतण्याआधीच ती घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता, ते सोडा.

ओतण्याआधीची तपासणी चुकवली तर पुढे फार त्रास होतो. शटरिंग लावून, जाळी टाकून झाल्यावर कौन्सिलचा निरीक्षक पाहून जातो; त्याआधी ओतलं, तर आत जाळी आहे की नाही हे वरून कुणालाच दिसत नाही. मग जाडी सिद्ध करायला कोअर (भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नमुना) काढा, नाहीतर फोडा. खोदण्याआधी बिफोर यू डिग या सेवेकडून जमिनीखालच्या केबल आणि गॅसवाहिन्यांचे नकाशे मागवायचे. ठेकेदाराच्या सार्वजनिक दायित्व विम्याची प्रतही घेऊन ठेवा. अनेक कौन्सिल 2 कोटी डॉलरचा विमा मागतात.

काम होऊन गेलंय आणि पत्र आलंय? घाईने फोडू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. आधी पाहा की ही नुसती विचारणा आहे, हेतूची नोटीस (आदेश काढणार असल्याची पूर्वसूचना) आहे की आदेश. मुदत संपण्याआधी लेखी उत्तर द्या, मुदतवाढ हवी असेल तर त्यातच मागा. नक्की कुठलं कलम, आणि हरकत रुंदीला आहे, लेव्हलला की फक्त परवानगी नसण्याला, हे विचारा. हरकत शेवटची असेल तर क्रॉसओव्हर टिकण्याची शक्यता बरीच असते. काँक्रीटच्या गाडीची पावती, ओतण्याआधीचे जाळीचे फोटो, मापं, सगळं जोडा. फोनवर ‘चालेल’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच दिवशी ईमेल करून ते बोलणं कागदावर आणा. ‘समोरच्याचाही तसाच आहे’ हा मुद्दा मात्र काढू नका. समोरच्यालाही पत्र जाईल आणि तुमचं तसंच राहील. कौन्सिल उत्तरच देत नसेल किंवा वागणूक अन्यायाची वाटली, तर आधी तिच्याकडेच रीतसर तक्रार, मग एनएसडब्ल्यू ओम्बड्समन. तो कारभार कसा झाला ते पाहतो, क्रॉसओव्हर मंजूर करून देत नाही.

पर्थमधल्यांसाठी जाता जाता: वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 1996 च्या नियमांप्रमाणे पहिल्या, प्रमाणित क्रॉसओव्हरचा निम्मा प्रमाणित खर्च कौन्सिल उचलते. विनापरवाना बांधून लोक हे पैसेही घालवतात.

जुनं घर विकत घेताना रुंद, चकचकीत ड्राइव्हवे पाहून खूश होण्याआधी त्याच्या संमतीचा कागद विक्रेत्याकडे मागा. नसेल तर माहितीच्या अधिकाराच्या 2009 च्या कायद्याखाली कौन्सिलकडे विचारता येतं. औपचारिक अर्जावर निर्णयाला 20 कामकाजी दिवस लागू शकतात आणि कूलिंग-ऑफची (सही केल्यावर करारातून माघार घेण्याची) मुदत सहसा 5 कामकाजी दिवसांची असते, म्हणून करारावर सही करण्याआधीच अर्ज टाका. लिलावात घेतलेल्या घराला तेवढीही मुदत मिळत नाही.