अनंताच्या कळ्या गळतायत?
घोडबंदर रोडच्या आमच्या बाल्कनीत अनंत आहे. पानं बारा महिने हिरवीगार, पण ऐन मे महिन्यात टपोऱ्या कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. घोळ पाण्याचा होता: दोन दिवस कुंडी कोरडीठाक, तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी. आता पेरभर बोट मातीत खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाहीये. अनंताला आम्लधर्मी माती लागते, तरच मुळांना लोह नीट घेता येतं, म्हणून माती अल्कधर्मी करणारे चुना, राख लांबच ठेवा (सासूबाई राख घालायच्या, अगदी प्रेमाने!). चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) द्या. छाटणी मात्र बहर सरला की लगेच. उशीर केलात तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील.