खरड छाटणी उरकली, आता घागरीतल्या पाण्याकडे बघा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबागांच्या खरड छाटण्या उरकत आल्यात. काड्या फुटतायत, सबकेनची (शेंडा खुडून पोटकाडी काढायची) गडबड पुढच्या काही दिवसांत सुरू होईल. कृष्णाकाठी सुरू हंगामातल्या उसाची मोठी बांधणी (सरीला भर लावणं) तोंडावर आहे. माण-खटाव आणि जतच्या पूर्व भागातल्या विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केलीय. या दिवसांत पाण्याचा सल्ला म्हटला की तो पिकाच्या पाण्याचा असतो. आजचा सल्ला घरात पिण्यासाठी येणाऱ्या घागरीचा आहे.

चैत्र-वैशाखच का, ते आधी सांगतो. भरलेल्या विहिरीत क्षार पातळ असतात. पातळी उतरली की उरलेलं पाणी जड होतं. मग कुणी जुनी बोअर आणखी खाली नेतं, कुणी नवी मारतं. खोलचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, म्हणून त्यात क्षार आणि काही ठिकाणी फ्लोराईड जास्त निघतं. शिवाय याच दिवसांत आपण पितोही जास्त. पाण्यातल्या विषारी घटकांच्या मर्यादा ठरवताना जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाचं पिणं दिवसाला दोन लिटर धरते. वैशाखात बागेत विरळणी करणाऱ्या बाईचे दोन लिटर सकाळच्या न्याहारीपर्यंतच संपतात.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. आता गावोगावच्या यात्रा आहेत. खानापूर, आटपाडी, विटा भागातली गलाईवाली मंडळी देशभरातून गावी येतात. त्यातली बरीच बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशात सोनं-चांदी गाळून पोट भरतात. आमच्या भावकीतले एक अण्णा बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात तीसेक वर्षं होते. एका यात्रेला पारावर बसलो असताना त्यांचे हात बघितले. दोन्ही तळव्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी. "तेजाबात हात घालून घालून असं झालंय रं," म्हणाले. पटण्यासारखंच होतं. पण काकूंचे तळवे आणि तळपायही तसेच होते, आणि काकूंनी तेजाबाच्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या, बाटलीला कधी हात लावलेला नव्हता. अण्णांनी सदरा काढला तेव्हा छाती-पाठीवर काळसर कातडीत पांढरे ठिपके दिसले, धुळीत वळवाचे पहिले थेंब पडावेत तसे. पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा: हातपंपाचं पाणी किती वर्षं प्यालात?

हा आर्सेनिकचा त्रास. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, सोमल. पिवळा हरताळ हाही आर्सेनिकचाच खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ लावून ते झाकत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. तेव्हा हे विष आपल्या भाषेला अनोळखी नाही, पाण्यातून मात्र आपली त्याची गाठ पडलेली नाही.

गंगेच्या खोऱ्यातली गोष्ट अशी. तळ्याचं पाणी पिऊन पोरं हगवणीनं मरत, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव कूपनलिका खणल्या. हगवण कमी झाली. पण हिमालयातून वाहून आलेल्या त्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळातला पालापाचोळा जमिनीखाली कुजला की प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि त्याच्याबरोबर आर्सेनिक पाण्यात सुटतं. १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांचा माग काढत तो कूपनलिकांपर्यंत नेला. पुढे बांगलादेशात तर पंप तपासून त्यांच्या तोंडांना लाल आणि हिरवा रंग दिला गेला. लाल म्हणजे पिऊ नका.

पाणी बघून यातलं काहीच कळत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. त्रास दिसायला पाच-दहा वर्षंही जातात. आधी कातडीवर डाग, मग तळव्यांवर गाठी, आणि पुढे कातडी, फुप्फुस, मूत्राशय यांच्या कॅन्सरचा धोका. मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम.

कुदळ-खुरप्यानं पडलेल्या घट्ट्यांना घाबरू नका. ते दांडा घासतो तिथंच पडतात. आर्सेनिकच्या गाठी विखुरलेल्या असतात, दोन्ही हातांना आणि बहुधा तळपायांनाही. तुमच्याकडे यात्रेला आलेल्या पाहुण्यांत कुणी भोजपूर, बक्सर, बलिया, मालदा, मुर्शिदाबाद, नदिया या भागात वर्षानुवर्षं हातपंपाचं पाणी पीत असेल आणि अशा खुणा दिसत असतील, तर जत्रेच्या जेवणाआधी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. पाणी बदलणं हाच खरा उपचार आहे, आणि तो जितका लवकर होईल तितका बरा. तांदूळही त्याच पाण्यात शिजत असेल तर स्वयंपाकाचं पाणीसुद्धा बदलावं लागतं. अंघोळीला ते पाणी चालतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. सातारा-सांगलीची जमीन लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणावर बसलीय. गंगेच्या गाळात जे घडतं ते इथं त्या पद्धतीनं घडत नाही. म्हणून आर्सेनिकच्या बातम्या वाचून बोअर बुजवायला निघू नका. अशा बातम्या मोबाईलवर फिरल्या की आमच्याकडे पहिला फोन फिल्टर विकणाऱ्याचा येतो, हेही सांगून ठेवतो. आपल्या पट्ट्यात पहिली शंका घ्यायची ती नायट्रेटची, आणि ते खडकातून येत नाही. ते आपणच ओततो.

हिशोब करून बघा. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र असतं. ते सगळं नायट्रेट होऊन खाली झिरपलं तर सुमारे ९२ किलो नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. म्हणजे एका पोत्याला २० लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेण्याची ताकद आहे. ३० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर ते तीन लाख लिटर भरतं. अशा सहा-सात विहिरी एका पोत्यात बसतात! सगळं नत्र झिरपत नाही हे खरं, पण आपण एका पोत्यावरही थांबत नाही.

फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची आहे, तीही चार हप्त्यांत: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. मजूर मिळत नाहीत म्हणून दोन हप्ते एकत्र टाकून वर पाटानं पाणी सोडलं, तर त्यातलं बरंचसं मुळांखाली जातं. मिरज, पलूस, वाळवा भागातल्या क्षारपड जमिनी बघितल्या तर जास्तीचं पाणी खाली काय काय नेतं नि वर काय काय आणतं, ते वेगळं सांगायला नको.

द्राक्षवाल्यांनी आज संध्याकाळीच एक गोष्ट तपासावी. व्हेंचुरीतून (खताचं द्रावण ठिबकच्या पाण्यात ओढून घेणाऱ्या नळीतून) खत सोडताना वीज गेली की पाइपातलं पाणी उलटं फिरतं आणि खताचं द्रावण सरळ विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरतं. भारनियमनात हे रोज घडू शकतं. मोटारीच्या पुढं एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, आहे का, असला तर धरतोय का, ते बघा. मोटार बंद करून व्हेंचुरीची नळी पाण्याच्या बादलीत धरा. बादलीतलं पाणी आत ओढलं गेलं तर एनआरव्ही गेलाय. तसंच ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी भरताना पाइपाचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडवू नका, वीतभर वर ठेवा. ड्रम विहिरीच्या काठावर धुऊ नका. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर पावसाळ्याआधी हलवा.

नायट्रेटचा खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असतो. उन्हाळ्यात लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, आणि रानातल्या वस्तीवर बोअरचंच पाणी असतं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डब्यातली पावडर त्या पाण्यात कालवली जाते. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं घटते आणि ओठ, नखं निळसर पडतात. असं दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना पाणी कुठलं ते सांगा. यावर औषध आहे. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध असेल तर हा प्रश्नच उभा राहत नाही. जनावरांचंही ध्यानात ठेवा: भरपूर युरिया खाल्लेली आणि पाण्याअभावी खुरटलेली मका-ज्वारी नायट्रेट साठवते. कोवळ्या ज्वारीनं किराळ लागते (तिच्यातल्या विषाची बाधा होते) हे सगळ्यांना माहीत आहे, या दुसऱ्या कारणाकडे लक्ष जात नाही. वैरणही तसली आणि पाणीही तसलं, असं एकाच दिवशी होऊ देऊ नका.

"आम्ही उकळून पितो" हे उत्तर मला दर गावात मिळतं. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराईड, आर्सेनिक तसंच राहतं, उलट वाफ जाऊन पाणी आटतं तसं लिटरमागं वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, क्लोरीन बघायची ओटी टेस्ट पिवळी आली, म्हणजे जंतूंचा बंदोबस्त झाला, एवढाच त्याचा अर्थ. कँडलचा फिल्टरही इथं कामाचा नाही. आरओ चालतो, पण त्याची जाळी वेळेवर बदलली तरच, म्हणून त्यातून निघणारं पाणीही वर्षातून एकदा तपासा. त्याचं टाकाऊ पाणी विहिरीकडे वळवू नका.

तपासणी अवघड नाही. जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना किट वापरायला शिकवलेलं आहे, त्यावर नायट्रेटचा अंदाज गावातच येतो. आर्सेनिक सहसा त्या किटमध्ये नसतं. पक्क्या आकड्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत जा. ठरावीक फी भरून खासगी विहिरीचं पाणीही तपासून मिळतं. मोटार दहा मिनिटं चालू द्या. लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. औषधाची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. विहीर की बोअर, किती फूट, कुठली तारीख, हे बाटलीवर चिकटवा आणि सावलीतून, थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते, ती प्रयोगशाळेतूनच आणा.

अहवाल हातात आला की आकड्यापुढचं एकक आधी वाचा. काही ठिकाणी नायट्रेट 'नत्र म्हणून' लिहितात. तिथली मर्यादा १० धरायची, ४५ नव्हे. फ्लोराईड १ च्या आत असावं, १.५ च्या वर पिऊच नये. आर्सेनिक मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तर १० च्या आत हवं.

नायट्रेट जास्त निघालं तर ते पाणी पिकाला वाया जात नाही. लिटरला ९० मिलिग्रॅम असेल तर हेक्टरी दहा लाख लिटर पाण्यातून वीस किलो नत्र आपोआप पडतं. तेवढं युरियातून कमी करा. बागेत शेंडा पळतोय, काडी पिकत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली आधी विहिरीचा अहवाल विचारतो. बहुतेकांकडे तो नसतो. अहवालाची एक प्रत मोटारीच्या स्टार्टर पेटीत आतून चिकटवा, ऑक्टोबर छाटणीला खताचा डोस ठरवताना तीच लागेल. पावसाळ्यानंतर दुसरा नमुना घ्या आणि तो कागद पहिल्याशेजारी लावा.