पूलचे घरातील पॅनेल बंद पडले? या चुका टाळा

अलिबाग, किहीम, आवास, नागाव या पट्ट्यातील बंगल्यांच्या स्विमिंग पूलची विद्युत कामे मी अनेक वर्षे करीत आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवरील ज्या छोट्या कंट्रोल पॅनेलवरून पंप, दिवे, हीटर आणि व्हॉल्व्ह चालवले जातात, ते एके दिवशी काळेठिक्कर पडते आणि मला फोन येतो. मी पोहोचेपर्यंत तेथे कोणीतरी काहीतरी करून ठेवलेले असते, आणि मूळ बिघाड शोधण्यापेक्षा ते निस्तरण्यातच अधिक वेळ जातो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून आता त्या लिहून काढाव्यात असे वाटले.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पडदा दिसेनासा झाला, की घरातील पॅनेलच जळाले असे ठरवून टाकणे. या पॅनेलला सहसा स्वतःचा २३० व्होल्टचा पुरवठा नसतो. पंप रूममधील मुख्य पॅनेलपासून घरापर्यंत चार तारांची एक केबल येते. त्यांपैकी दोन तारांतून कमी दाबाचा डीसी पुरवठा येतो आणि उरलेल्या दोन तारांतून, बहुतेक यंत्रणांत आरएस-४८५ या पद्धतीने, संदेशांची देवाणघेवाण होते. त्यामुळे पडदा पूर्ण अंधारात असेल, तर पहिला प्रश्न ‘पॅनेल बिघडले का’ हा नसून ‘येथपर्यंत पुरवठा पोहोचतो आहे का’ हा असतो, आणि त्याचे उत्तर शोधायला पंप रूममध्येच जावे लागते.

नागावच्या एका बंगल्यात मला शनिवारी पाहुणे यायचे म्हणून गुरुवारी बोलावले होते. केअरटेकरने दारातच सांगितले, ‘साहेब, दोनदा नवीन पॅनेल बसवलं, तरी पेटत नाही.’ आधीच्या माणसाने पहिले पॅनेल खराब म्हणून काढले, दुसरे मागवले, तेही पेटेना म्हणून ‘माल सदोष आला’ असे सांगून तिसरे बसवले होते. मुख्य पॅनेलमधील टर्मिनलवर मल्टीमीटर लावला तेव्हा १२.१ व्होल्ट मिळाले. घरातील पॅनेलची तार सोडवून तिच्या टोकाशी मोजले, तर तेथेही जवळजवळ तितकेच व्होल्ट होते, आणि येथेच आधीचा माणूस फसला असणार. मी पॅनेल पुन्हा जोडले आणि जोडलेल्या अवस्थेत मोजले, तेव्हा काटा ३ व्होल्टपर्यंत घसरला. भार नसताना पूर्ण दाब आणि भार येताच दाब कोसळणे, याचा अर्थ वाटेत कोठेतरी तांबे इतके खाल्ले गेले आहे, की ते मीटरपुरते पुरते, पण पॅनेलपुरते पुरत नाही.

माझ्या पिशवीत दीड मीटर लांबीची चार तारांची केबल कायम असते. घरातील पॅनेल काढून पंप रूममध्ये न्यायचे आणि त्या आखूड केबलने मुख्य बोर्डला थेट जोडायचे, ही माझी ठरलेली सवय आहे. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्यानंतर अंदाज बांधावा लागत नाही. तिसरे पॅनेल पेटले. केअरटेकरला विचारून कपाटात ठेवलेले पहिले ‘जळालेले’ पॅनेल आणवले, तर तेही पेटले. दोष केबलमध्ये होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अंगणातील एक नारळ मुळासकट उलथला होता, तेव्हा त्याच्याबरोबर ही केबलही तुटली होती आणि कोणीतरी ती नुसत्या इन्सुलेशन टेपने जोडून पुन्हा मातीखाली घातली होती. जास्वंदीच्या वाफ्यापाशी खणले तेव्हा केबल ज्यातून नेली होती त्या पाइपमध्ये पाणी भरलेले होते. टेप उलगडताच तांब्याच्या जागी हिरवी भुकटी बोटांना लागली, आणि लाल तारेतील एक केसाएवढा धागा तेवढा शिल्लक होता.

जमिनीखाली टेपचा जॉइंट मी कोणालाही करू देत नाही. कोकणात चार महिने पाइपमध्ये पाणी साचतेच; पाइप बंदिस्त आहे म्हणून केबल कोरडी राहील ही समजूत चुकीची आहे. एकसंध नवी केबल ओढावी. ते अगदीच शक्य नसेल, तर जॉइंट जमिनीच्या वर, भिंतीवरील जलरोधक डब्यात, ग्लँड, म्हणजे केबल आत शिरण्याचे घट्ट बसणारे तोंड, खालच्या बाजूला ठेवून करावा. खर्च वाढतो, हे मला मान्य आहे. पण त्या घरमालकांनी दोन पॅनेलसाठी जे पैसे मोजले, त्याच्या थोड्याशा भागात पूर्ण केबल बदलून झाली.

निऑन टेस्टरने ही केबल तपासणे ही नव्याने शिकणाऱ्यांची आवडती चूक आहे. तो दिवा पेटायला साठ-सत्तर व्होल्टहून अधिक दाब लागतो. बारा व्होल्टच्या डीसी तारेला लावला तर तो पेटणारच नाही, आणि त्यावरून तार मेली असा निष्कर्ष काढला जातो. मेन पुरवठ्याच्या बाजूला उलट फसगत होते: न्यूट्रल तुटलेला असला तरी फेजवर टेस्टर पेटतो आणि माणूस ‘सप्लाय आहे’ असे सांगून मोकळा होतो. मल्टीमीटर महाग राहिलेला नाही. तो वापरायला शिकल्याशिवाय पूलच्या पॅनेलला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या चुकीबद्दल मला मनापासून राग येतो तिच्याकडे वळतो. पॅनेल बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पंप रूममधील आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, पडलेली असणे. ३० मिलिअँपियरची ही आरसीसीबी पाण्याजवळील माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेली असते. ती पुन्हा पुन्हा पडते, शनिवार तोंडावर आलेला असतो, आणि वायरमन तिला बगल देऊन पुरवठा थेट जोडून टाकतो. पॅनेल लगेच उजळते, सगळे खूश होतात, आणि त्याच संध्याकाळी मुले पाण्यात उतरतात. मी अशी जोडणी तीन ठिकाणी पाहिली आहे आणि तिन्ही ठिकाणी मी सर्वांत आधी मुख्य स्विच बंद करून पूल वापरायला मनाई केली; त्यावरून एका घरमालकांशी वादही झाला. आरसीसीबी पडते तेव्हा कोठेतरी विद्युतप्रवाह जमिनीकडे गळत असतो. पावसाळ्यानंतर तो बहुधा पंपाच्या मोटरीत, हीटरच्या कॉइलमध्ये किंवा पाण्याखालील दिव्यांच्या ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला सापडतो. घरातील पॅनेलचा त्यात काहीच दोष नसतो, ते केवळ त्याच आरसीसीबीवर असल्यामुळे सोबत बंद पडते.

गळती शोधताना एकेका शाखेची एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) बंद करून आरसीसीबी उचलून पाहावी, हे बहुतेकांना माहीत असते. पण सिंगल पोल एमसीबी केवळ फेज तोडते. न्यूट्रल जमिनीला लागलेला असेल, तर सर्व एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी टिकत नाही आणि मग ‘आरसीसीबीच खराब आहे’ असा निवाडा होतो. मुख्य पुरवठा बंद करून त्या शाखांचे न्यूट्रलही एकेक करून सोडवावे लागतात. हे काम किचकट आहे, आणि घाई असलेल्या माणसाने ते हाती घेऊ नये. घरमालकांनी स्वतः यापैकी काहीही उघडू नये. पडदा काळा आहे म्हणजे पंप रूममध्ये वीज नाही असा अर्थ होत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पॅनेलचे झाकण उघडणारे केअरटेकर मी पाहिले आहेत.

पडदा पेटलेला आहे पण बटणे दाबून काहीच होत नाही, ही तक्रार वेगळी असते आणि तिच्यासाठी केबल खणू नये. बॅकवॉशनंतर, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुतल्यावर, मुख्य पॅनेलवरील स्विच ‘सर्व्हिस’वरच (घरातील बटणे ज्यात चालत नाहीत अशा देखभालीच्या स्थितीत) राहून गेला आहे का, हे आधी पाहावे; माझ्या अशा निम्म्या फेऱ्या तेथेच संपतात. पॅनेल नुकतेच बदलले असेल, तर त्याचा पत्ता (मुख्य बोर्ड ज्याने पॅनेल ओळखतो तो क्रमांक) आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती मुख्य बोर्डशी जुळते का, हे तपासावे.

रीसेट करताना स्विच खाली-वर करून लगेच निकाल पाहणे व्यर्थ असते. मी पूर्ण दोन मिनिटे घड्याळ लावून थांबतो, कारण बोर्डवरील वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. फ्यूज गेला असेल, तर त्याच अँपियरचा घालावा, तारेचा तुकडा कधीही नाही.

पंप रूममध्ये ॲसिडचे कॅन ठेवणे ताबडतोब थांबवावे. त्याच्या वाफेने टर्मिनल, कॉन्टॅक्टर आणि बोर्डवरील जोडण्या काही महिन्यांत काळ्या पडतात, आणि खाऱ्या हवेने जे पाच वर्षांत होते ते एका पावसाळ्यात होते. ॲसिड आणि क्लोरीनचे ग्रॅन्युल्स शेजारी ठेवणे तर जिवावर बेतू शकते, कारण ते एकमेकांत मिसळले की विषारी वायू तयार होतो.

शेवटची चूक तारांच्या रंगांवर विश्वास ठेवण्याची. वाटेत जॉइंट झालेला असेल, तर या टोकाची लाल तार त्या टोकाला लालच असेल याची खात्री नसते, आणि पुरवठ्याची तार संदेशाच्या टर्मिनलवर गेली, तर चांगला बोर्ड क्षणात जातो. म्हणून एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी मी दोन्ही टोकांचे फोटो काढतो, प्रत्येक तारेवर क्रमांकाची चिठ्ठी लावतो, आणि काम संपल्यावर त्या फोटोची छापील प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून मुख्य पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो. नागावच्या त्या बंगल्यात ती प्रत अजून तशीच आहे, आणि तिच्या खाली नवी केबल कोणत्या भिंतीकडेने नेली आहे, याचा हाताने काढलेला नकाशा आहे.