रेल्वेवर मराठीत लिहिताय? या चुका टाळा

'गाडीला बारा बोगी होत्या' असं वाक्य समोर आलं की मी समासात लिहितो, 'मग डबे सहाच का?' निम्मे लेखक चिडतात. उरलेले विचारतात, म्हणजे काय?

म्हणजे असं. आपण बसतो तो डबा. बोगी ही त्याच्या पोटाखालची चाकांची चौकट. तिला दोन आस, चार चाकं, वर स्प्रिंगा. डब्याच्या दोन्ही टोकांखाली अशी एकेक बोगी असते आणि ती मधल्या खुंट्याभोवती थोडी फिरते, म्हणून वीस मीटरहून लांब डबाही वळणावर अडत नाही. रेल्वेतले लोक तिला ट्रॉलीही म्हणतात. फलाटावर आई म्हणाली, 'आपली बोगी पुढे लागते', तर तिला शिकवायला जाऊ नका. बोलण्यात तो शब्द डब्याला चिकटला तो चिकटला. छापायचं असेल, त्यातून अपघाताबद्दल लिहायचं असेल, तर मात्र सांभाळा.

मी हे तोंडावर पडून शिकलोय. एका अपघाताच्या इंग्रजी वृत्तांताचं मराठी करत होतो. त्यात पाचव्या डब्याची पुढची बोगी रुळावरून उतरल्याचं म्हटलं होतं. डबा आणि बोगी एकच, हे डोक्यात पक्कं. मग एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला, असं म्हणत मी ऐटीत लिहिलं, 'पुढचे पाच डबे घसरले.' अंक छापून आल्यावर कॅरेज-वॅगन खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा फोन आला. 'साहेब, चार चाकं खाली उतरली होती. डबा उभाच होता. तुम्ही एका ओळीत पाच पाडलेत.' पुढच्या रविवारी त्यांनी मला यार्डाच्या कुंपणाशी नेलं, चक्क उकिडवं बसवलं आणि डब्याखाली बघायला लावलं. गुडघे दुखले, पण शब्द कायमचा कळला. तेव्हापासून रेल्वेचं वाक्य अडलं की मी कागदावर आधी गाडी काढतो, चाकांसकट. चित्र जमलं नाही तर वाक्यही कळलेलं नाही, असं समजतो.

जाता जाता: १८५३च्या पहिल्या प्रवासी गाडीच्या 'बोग्या' तर लिहूच नका. तेव्हाचे डबे चारचाकी, चाकं थेट डब्यालाच. बोगी नव्हतीच.

दुसरी चूक शब्दकोशावर भरवसा ठेवण्याची. हल्ली कोशही कोणी उघडत नाही, मजकूर यंत्रात टाकतात आणि जे निघेल ते पाठवून देतात. अशाच एका अनुवादात मी वाचलं, 'कर्जत येथे गाडीला बँक अधिकारी जोडण्यात आले.' मी दोनदा वाचलं. मग हसलो. मग लक्षात आलं की हे छापायला चाललं होतं.

बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन. बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढावर सगळा भार पुढच्या इंजिनानेच ओढला तर डब्यांमधल्या कपलिंगवर फार ताण येतो. मागून रेटलं की तो वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तरी मागचे डबे उताराला लागत नाहीत. कर्जतला हे इंजिन लागतं, वर लोणावळ्याकडे सुटतं. अनुवादक पुणेकर होते! आयुष्यभर त्या घाटातून ये-जा केलेली. कर्जतला गाडीला मागून धक्का बसतो तो कशाचा, हे एकदाही खिडकीतून डोकावून पाहिलं नसावं.

अमेरिकी मजकूर असेल तर आणखी जपा. तिथला इंजिनियर गाडी चालवतो, आपण त्याला लोको पायलट म्हणू. तिथला कंडक्टर तिकिटं बघतोच, पण गाडीचा प्रमुखही तोच. ट्रक म्हणजे बोगी. 'डब्याखाली ट्रक सापडला' हे वाक्य मी स्वतः खोडलंय. स्विच म्हणजे सांधा, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा, दिव्याचं बटण नव्हे.

थरारकथा लिहिणाऱ्यांसाठी: खलनायकाने ब्रेकचा पाइप कापला तर गाडी सुसाट सुटत नाही, थांबते. पाइपातल्या हवेचा दाब उतरला की ब्रेक लागतात, रचनाच तशी आहे. साखळी ओढल्यावरही हाच दाब उतरतो. तेव्हा खलनायकाला दुसरं काहीतरी काम द्या.

बाकीच्या चुका भराभर. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती भारतातली पहिली प्रवासी गाडी, पहिली रेल्वे नव्हे. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७मध्ये आणि रुरकीला १८५१मध्ये कामाचा माल वाहणाऱ्या गाड्या धावल्या होत्या. टर्मिनसला रूळ संपतात, त्यामुळे गाडी तिथे 'दोन मिनिटं थांबून पुढे' जात नाही. सुपरफास्ट या शब्दाने भुलू नका, ब्रॉडगेजवर ताशी सरासरी ५५ किलोमीटर पडले की ती पाटी मिळते. लोकलला वेगळं इंजिन नसतं, मोटर डब्यांतच असते, १९२५ला मुंबईत विजेची गाडी सुरू झाली तेव्हापासून. रेक म्हणजे डब्यांचा संच. तोच रेक सकाळी एका नावाने धावतो, रात्री दुसऱ्या. २०२२पासून गार्डला अधिकृतपणे ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण तुमची कथा १९८०ची असेल तर गार्डच ठेवा.

आणि अप म्हणजे उत्तर नव्हे. मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे येते ती अप, तिथून लांब जाते ती डाऊन. परवाच एका कथेत नायक कल्याणहून डाऊन लोकल पकडून वीस पानांनी दादरला प्रेयसीला भेटला. कथा बरी होती. फक्त तो कसाऱ्याला नाहीतर कर्जतला उतरला असता.