उजनी धरणावरून ग्रुपवर भांडताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्या सोलापूरच्या कॉलनी ग्रुपवर 'उजनी उणे ४० टक्के!' असा मेसेज पडतो आणि दहाव्या मिनिटाला गाडी कुणाच्या तरी जातीवर जाऊन थांबते. मी अ‍ॅडमिन आहे. खालच्या चुकांतली निम्मी पापं माझीच.

पहिली चूक आकड्याची, आणि सगळी भांडणं तिच्याच पोटी जन्मतात. उणे म्हणजे धरण कोरडं, असं नाही. उजनीत पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी; वरचं ५३ उपयुक्त. टक्के मोजतात ते या ५३ वर. ते संपलं की आकडा शून्याखाली जातो. उणे ४० म्हणजे मृतसाठ्यातलं २१ टीएमसी गेलं, हिशेबाने ४२ उरलं. त्यात गाळ किती, हा आणखी वेगळा विषय. हे न कळता एकजण 'सरकार झोपलंय' म्हणतो, दुसरा 'विरोधकांची नौटंकी'. दोघांनी भांडावं असा प्रश्न बाजूलाच राहतो: उपयुक्त पाणी होतं तेव्हा उसाला किती गेलं आणि प्यायला किती राखलं?

फोटोचं तर विचारूच नका. पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं. तो फोटो आमच्याकडे भर पावसाळ्यातही 'आजची परिस्थिती' म्हणून येतो. तारीख विचारा, बहुतेकदा पुढचं सगळं तिथेच मिटतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे भलत्याच दारात शिव्या. धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचं, शहरातलं वाटप महापालिकेचं. उजनी काठोकाठ भरली त्या वर्षीही आपल्या नळाला रोज पाणी आलं नाही. मग खासदाराच्या नावाने मीम टाकून टाकी कशी भरणार?

गेल्या उन्हाळ्यात एकाने नेमकं हेच विचारलं होतं, "धरण भरलेलं होतं तेव्हा चार दिवसांआड का?" त्याला उत्तर मिळालं, "का बे, तू कुठल्या पार्टीचा?" तिथून पेटलं आणि मी विचारणाऱ्यालाच ग्रुपमधून काढलं. दुसऱ्याला काढायला हवं होतं, खरं तर कुणालाच नको होतं. 'पार्टी कुठली' हा सवाल आला की मी आता एवढंच लिहितो: आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या.

त्याला परत घेतलंय. त्याचा प्रश्न मी पिन करून ठेवलाय. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.